दोन बकऱ्यांपुरते सातू

शाळेत मला शिकवलं होतं की बार्ली म्हणजे सातू. भूमितीपासून भूगोलापर्यंत बाकी सगळं विसरलो, पण हे एक नेमकं लक्षात राहिलं. त्यापायी एका दुपारी मी बायकोच्या माहेरचं डबाभर सातूचं पीठ गरम पाण्याच्या पातेल्यात ओतलं. सगळं. डबा उलटा करून बुडावर दोन थापाही मारल्या, कारण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

त्या डब्याचं महत्त्व आधी सांगायला हवं. लग्नानंतर काही महिन्यांनी शैला व्हिजिट व्हिसावर आखातात, फुजैराला आली. मी तिथं तेलाच्या टर्मिनलवर होतो. टाक्यांमध्ये तेल किती आहे ते मोजायचं आणि जहाजांना द्यायचं, असं काम. कंपनीकडून दोन खोल्यांचा फ्लॅट मिळाला होता, आणि तेवढ्यावर बायको खूश होईल अशी माझी समजूत होती. एअरपोर्टवरून येताना मी विचारलं, "कसं वाटतंय?" तिनं काचेतून बाहेर बघितलं. एका बाजूला उघडेबोडके डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्रात रांगेनं उभी जहाजं. म्हणाली, "डोंगर कुणी भाजून ठेवल्यासारखा दिसतो." मग मांडीवरच्या स्टीलच्या डब्यावर हात ठेवून म्हणाली, "आईनं सातू दिलंय. हे संपेपर्यंत राहते. मग बघू."

परतीचं तिकीट पाडव्यानंतरचं होतं. ते रद्द करून तिच्या रेसिडेन्स व्हिसाचे कागद द्यायचे की नाही, हे तिच्या "बघू"वर अडलेलं. मी कधी विचारलं की ती म्हणायची, "डबा आहे ना अजून." त्यामुळे झालं असं, की टर्मिनलवर मी दिवसभर टाक्यांची पातळी बघायचो आणि घरी येऊन डब्याची. ती सकाळी दोन चमचे सातू, गूळ आणि दूध कालवून खायची. मी आवडत असूनही खायचं सोडलं. तिला वाटलं मला माहेरच्या वस्तूचं कौतुक नाही.

दिवसभर ती एकटी. एसीची घरघर, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या, दोन मशिदींची बांग, एकीची संपत आली की दुसरीची सुरू. खाली दुकानात जायची, फ्लॉवरच्या किमतीचे मनात रुपये करायची आणि फ्लॉवर परत ठेवायची. शेजारी रत्नागिरीकडच्या रुकय्याभाभी राहायच्या, मराठी बोलायच्या, तरी त्यांच्याकडेसुद्धा तिसऱ्यांदा बोलावल्याशिवाय गेली नाही. बोलायची कमी. हसायची तर त्याहून कमी. मी विनोद करून बघितले. माझ्या विनोदांवर ती आजही हसत नाही, पण तेव्हा मला ते काळजीचं वाटायचं.

आता वरचे साहेब. आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये डीटर नावाचे जर्मन इंजिनियर एकटेच राहत. माझ्याहून खूप वरच्या हुद्द्यावर, पण लिफ्टमध्ये भेटले की बरोबरीनं बोलायचे. हृदयाचं काहीतरी झालं होतं, डॉक्टरनं बिअर बंद केली होती, आणि उन्हाळ्यात ते रिटायर होऊन गावी जाणार होते. एकदा लिफ्टमध्ये मला म्हणाले, "नशेचं मला काही नाही. माल्टची आठवण येते." त्यांच्या गावात सगळ्यांचं मिळून एक भट्टीघर होतं. वडील तिथं तांबूस रंगाची बिअर करायचे आणि पावाच्या खरपूस कडेसारखा वास गावभर सुटायचा. इथं डब्यात मिळणारं माल्टचं पेय म्हणजे नुसतं साखरेचं पाणी, असं त्यांचं मत. मी विचारलं, माल्ट म्हणजे नेमकं काय? ते म्हणाले, बार्ली. भिजवायची, वाळवायची, भाजायची, भरडायची आणि गरम पाण्यात ठेवायची. मधे कुठेतरी मोड आणायचंही बोलले असणार, पण तोवर लिफ्ट माझ्या मजल्यावर आली होती.

मला नाही म्हणता येत नाही, आणि माहीत नाही तर त्याहून म्हणता येत नाही. "ते आमच्या घरी आहे," मी म्हणालो. "डबाभर."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. शैला रुकय्याभाभींकडे गेली होती, तेवढ्यात मी डीटरसाहेबांना खाली बोलावून पातेलं चढवलं. साहेबांनी थर्मामीटर आणला होता. पीठ ओतलं तसं पाणी दाट झालं, मग त्याची खीर झाली, मग चमचा उभा राहायला लागला. साहेब वाकून वास घेत म्हणाले, "इंटरेस्टिंग." जर्मन माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की समजायचं काहीतरी चुकलंय, हे मला नंतर कळलं. वेलदोड्याचा आणि सुंठीचा वास येत होता. बिअरला सुंठ कशाला लागते, असा प्रश्न मलाही पडला, पण मी तो विचारला नाही. तेवढ्यात दार उघडून शैला आत आली.

तिनं पातेल्यात बघितलं. मग ओट्यावरच्या रिकाम्या डब्याकडे बघितलं.

"हे काय?"

"माल्ट," मी म्हणालो.

"हे सातू आहे."

"तेच. सातू म्हणजे बार्ली."

"सातूत सातू कधी असतात का?" ती म्हणाली. "गहू आणि डाळं असतं. भाजून दळलेलं. तुमच्या आईनं कधी केलं नाही?"

आईनं कायम केलं होतं. मी कायम खाल्लं होतं. त्यात काय असतं हे विचारावं असं मला कधी वाटलं नाही, कारण नावातच सांगितलंय असं मी धरून चाललो होतो. शैला आरडाओरडा करणारी बाई नाही. केला असता तर बरं झालं असतं. तिनं डबा उचलला, नळाखाली धरला, धुऊन पालथा घातला आणि म्हणाली, "म्हणजे संपलं." एवढंच. डब्यातलं काय संपलं ते मला कळलं. आणखी काय संपलं हे विचारायची हिंमत झाली नाही.

मी ही गोष्ट मुलांना सांगतो तेव्हा माझी मुलगी म्हणते, "बाबा, यू वेअर सो डम्ब." तिची आई म्हणते, "वेअर का म्हणतेस?" इंग्रजीचा काळ सुधारण्यापुरतंच माझी बायको मुलांशी इंग्रजी बोलते.

तर त्या दुपारी डीटरसाहेबांना मराठी कळत नव्हतं, पण पालथा डबा कळला. त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं. ते लालबुंद झाले. मग त्यांनी एक केलं, जे मला सुचलं नसतं. वाटी मागितली. त्यात ती घट्ट खळ घेतली, शैलानं गूळ पुढं केला, आणि त्या माणसानं आमच्या टेबलावर बसून अख्खी वाटी चाटूनपुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. "सूप उरलंय का?" पातेलं मोठं होतं. आम्ही तिघं जवळजवळ आठवडाभर तेच खात होतो. शेवटी शेवटी ते सुरीनं कापावं लागायचं. शैला मला म्हणाली, "माणूस अन्न टाकत नाही." त्या आठवड्यात ती आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही दुसऱ्याच्या कौतुकाचं.

शेवटची वाटी संपली तेव्हा तिनंच विषय काढला. "विचारा त्यांना, खरं कसं करतात." साहेबांनी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी हातवारे करून. दाणा भिजतो, फुगतो, खालून बारीक मुळ्या फुटतात, असं म्हणत त्यांनी बोटं हलवली. शैलानं मान डोलावली. "मोड आणायचे. एवढंच ना? नाचणीचं सत्त्व करतो तसं. बहिणीच्या बाळाला मीच करून द्यायचे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही फक्त सामान आणा. हात लावू नका कशाला."

सामान आणण्यातही मी चुकलो. सुपरमार्केटमधून चकचकीत पांढरी बार्ली आणली. तिनं भिजवली, फडक्यात बांधली, आणि चार दिवस ते गाठोडं नुसतं आंबत राहिलं. मोड नाही. "पॉलिश केलेल्या तांदळाला मोड येतील का?" ती म्हणाली, पण या वेळी आवाजात राग नव्हता. पुढचं रुकय्याभाभींनी सांगितलं. "अवो, सालवाला शईर, म्हंजे सालाची बार्ली पायजे तुमाला. तो बकऱ्यांच्या खाण्याच्या दुकानात मिळतो. गावाबाहेर जा, खानाकडं."

खान म्हणजे दाढीवाला, आडदांड पठाण. दुकानात गवताच्या पेंढ्या छतापर्यंत लागलेल्या, दाराशी त्याच्या स्वतःच्या बकऱ्या. मी बार्ली मागितली तर त्यानं मला खालून वर बघितलं. मी टर्मिनलच्या इस्त्रीच्या शर्टात होतो.

"कितनी बकरी है?"

माणसांसाठी पाहिजे म्हणावं तर का, ते सांगावं लागणार. त्यात बिअर हा शब्द येणार, आणि घरात बिअर गाळतो अशी नुसती अफवा उठली तरी शैलाच्या आधी माझंच तिकीट निघणार. मी म्हणालो, "दो."

"दूध देती है?"

"अभी नहीं."

"जौ ज़्यादा मत देना," तो गंभीरपणे म्हणाला. "पेट फूल जाता है." मी इन्शाल्ला म्हणालो आणि पोतं गाडीत टाकलं. इथं कुठलंही उत्तर अडलं की इन्शाल्ला म्हणावं.

त्यानंतर आमचा हॉल बार्लीला दिला गेला. शैलानं दाणे रात्रभर भिजवले, निथळले आणि फरशीवर ओली चादर टाकून त्यावर पसरले. मटकीसारखे बांधून ठेवले तर आतून तापतात, असं साहेबांनी बजावलं होतं, म्हणून सकाळ संध्याकाळ ती हातानं दाणे वरखाली करायची. एसी सतत सुरू. मला हॉलमधून जायला भिंतीला चिकटून जायची परवानगी होती. काकडीसारखा गार हिरवा वास घरभर सुटला. साहेब रोज येऊन चादरीपाशी गुडघ्यांवर बसायचे, चष्मा कपाळावर चढवून एकेक दाणा नखानं चिरून बघायचे. ती मराठीत बोलायची, ते इंग्रजीत. "अजून एक दिवस राहू दे," ती म्हणायची. "वन मोअर डे," ते म्हणायचे. मी दुभाष्या म्हणून उभा असायचो आणि दोघांपैकी कुणालाच माझी गरज नसायची. एकदा मी ऑफिसातून आलो तर दाराबाहेरूनच हसण्याचा आवाज. साहेबांचा मोज्यातला पाय बार्लीवर पडला होता, आणि शैला त्यांना रागावत होती, आणि रागावता रागावता हसत होती. मी दाराशीच थांबलो. लगेच आत गेलो असतो तर ती थांबली असती.

मोड दाण्याएवढे झाले तसे गच्चीवर वाळवले. इथलं ऊन त्या बाबतीत पक्कं. शैलानं वाळलेल्या मुळ्या हातानं चोळल्या, परातीत पाखडल्या, आणि रुकय्याभाभी "तुमची वाळवणं चालू झाली वाटतं" म्हणत बसायला आल्या त्या रोज यायला लागल्या. मग कढईत भाजणं. थोडेच दाणे खमंग भाजायचे, बाकीचे जेमतेम. रंग त्या थोड्यातूनच येतो. साहेब म्हणाले, हेझलनटसारखा. शैला म्हणाली, शेवया भाजतो तितपत. घरात पावाच्या भट्टीचा वास भरला आणि डीटरसाहेब पहिल्यांदा खुर्चीवर बसले, डोळे मिटून वास घेत.

दाणे भरडून झाले, पण एवढी भरड शिजवायला आमची भांडी पुरेनात. रुकय्याभाभींकडे बिर्याणीचं मोठं पातेलं होतं. त्यांनी ते दिलं, पण कानावर हात ठेवून म्हणाल्या, "बघ हां शैला, यात हराम काय पडता नये. ईदला याच्यातच बिर्याणी शिजते."

शैलानं मला विचारलं, "यात नशा कधी येते?"

मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, यीस्ट घातल्यावर.

"म्हणजे विरजण," शैला म्हणाली. "मग विरजण लावायचंच नाही."

मला वाटलं आता साहेब हिरमुसतील. एवढ्या खटाटोपानंतर बिअर बिअरच होणार नाही. माझ्या डोक्यात मात्र आपला व्हिसा वाचला हा आनंद होता, तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. साहेब हसले. म्हणाले, वडील भट्टीघरात यीस्ट घालायच्या आधी आम्हा पोरांना एकेक मग काढून द्यायचे. गरम आणि गोड. बिअर मी फार नंतर प्यायलो. हे आधी प्यायलो.

तेव्हा सुट्टी शुक्रवारी असायची. त्या शुक्रवारी आमच्या स्वयंपाकघरात चौघं, आणि ओट्याशी फक्त शैला. लापशीसारखी भरड गरम पाण्यात गेली. साहेब थर्मामीटर धरून आकडा सांगत, ती गॅस कमीजास्त करत होती, रुकय्याभाभी पंचे धुऊन आणत होत्या. मला चोथा धरायला बादली दिली होती. पंच्यातून गाळलेलं पाणी काकवीत पाणी मिसळल्यासारखं तांबूस उतरलं. ते उकळताना साहेब म्हणाले, गावी यात कडू फुलं घालतात, ती इथं मिळणार नाहीत. शैला म्हणाली, "खाली रस्त्यावर कडुनिंब आहे की." या गावात एक झाड नाही म्हणणाऱ्या बाईला तो कडुनिंब कधी दिसला, मला माहीत नाही. मी धावत जाऊन फांदीच मोडून आणली. तिनं त्यातली दोन पानं घेतली, पाण्यात फिरवली आणि काढून टाकली. उरलेली फांदी दाराला लावली. पाडवा जवळ आला होता. पाडवा म्हटलं की मला तिकीट आठवायचं, म्हणून मी त्या फांदीकडे बघितलं नाही.

गार झाल्यावर पेल्यात ओतलं, साहेबांनी वरून थोडा सोडा घातला. फेस आला. रुकय्याभाभींनी बिस्मिल्ला म्हणून घोट घेतला आणि म्हणाल्या, "पावाचा सरबत झालाय गो." मला विचाराल तर चव गोड, खरपूस, आणि शेवटी जिभेवर कडुनिंबाची एक चिमूट. साहेबांनी पेला संपवला. पुढं केला. पुन्हा संपवला, पुन्हा पुढं केला, आणि या वेळी जर्मनमध्ये काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" शैलानं विचारलं.

"मला कुठं जर्मन येतं?"

"आणखी हवंय म्हणाले," ती म्हणाली आणि पेला भरला. साहेबांनी मान हलवली. बरोबर होतं.

उरला चोथा. बादलीभर. टाकून देणं शैलाला पटेना. एवढं चांगलं धान्य, बकऱ्या खातील, म्हणाली. मग खानाच्या दुकानाकडे दोघं गाडीतून गेलो. गाडी मी मुद्दाम सावकाश चालवली, कारण दोन बकऱ्यांची गोष्ट मी घरी सांगितलीच नव्हती. खानानं मला लगेच ओळखलं. त्याच्या बकऱ्यांनी बादलीत तोंडं घातली आणि तो माझ्या बायकोकडे वळून आदबीनं म्हणाला, "भाभी, आप की दो बकरी कैसी है?"

शैलानं माझ्याकडे बघितलं. मी गवताच्या पेंढ्यांकडे बघितलं. तिला बाहेरच्या माणसाशी हिंदीत बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं. दुकानात गेली तरी बोट दाखवून सामान घ्यायची.

"ठीक है, भाईसाब," ती म्हणाली. "एक ये खड़ी है. दूसरी ऊपर के फ्लॅट में रहती है."

खान आधी माझ्याकडे बघत राहिला. मग मांडीवर थाप मारून असा हसला की बकऱ्या बादलीपासून मागे सरल्या. आज इतक्या वर्षांनी कधी तिकडं गेलो तर त्याचा मुलगा दुकानात असतो, आणि माझं वजन बघून तोही म्हणतो, "जौ कम दो इसको." आमच्या घरी कुणाची खोड काढायची तर अजून हेच वाक्य चालतं. मुलं इंग्रजीत भाषांतर करून वापरतात, त्यात मजा राहत नाही, पण वापरतात.

परत निघालो. डोंगर डाव्या हाताला, संध्याकाळच्या उन्हात तांबूस, आमच्या पेल्यातल्या रंगाचे. समुद्रातल्या जहाजांवर दिवे लागत होते. रिकामी बादली मागच्या सीटवर खडखडत होती. तिकिटाचं विचारावं असं तीनदा मनात आलं. तिन्ही वेळा मी गिअर बदलला.

घर जवळ आलं तसं शैलाच म्हणाली, "इथं गहू बरा मिळतो. डाळं रुकय्याभाभी आणून देणार आहेत. आईला सांगा, पीठ पाठवू नको, सातू मी इथंच करणार आहे." आणि मी काही बोलायच्या आत पुढं म्हणाली, "पण डबा कुलपात राहील."